मृत्युलेखाच्या आधी

गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वारले. लोकमान्य टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळल्यावर ते गड उतरून अंत्ययात्रेला आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांपुढे बोलले. गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. या भाषणाचा पुण्याला आजही अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे, कारण पाव शतकाचा विरोध बाजूला ठेवून असं बोलायला मोठं मन लागतं. पण त्याआधीचे दोन-अडीच महिने पाहिले की त्या अभिमानाला हुरहुर लागून राहते. डिसेंबर १९१४ मध्ये काँग्रेसचे दोन पक्ष एकत्र आणण्यासाठी ॲनी बेझंट पुण्यात आल्या, दोन्हीकडे बोलल्या. पुढे गोखल्यांनी टिळकांच्या हेतूंविषयीची आपली शंका मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना खासगी पत्रातून कळवली. पत्रातला मजकूर बाहेर पडला, टिळकांच्या 'केसरी'तून त्याचा जाब विचारला गेला आणि तो वाद गोखल्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत धुमसत राहिला. एकाच गावात राहणारी, एकाच महाविद्यालयाच्या उभारणीत घाम गाळलेली दोन माणसं एकमेकांविषयी तिसऱ्याला लिहीत होती आणि वर्तमानपत्रातून एकमेकांना उत्तरं देत होती. गोखल्यांविषयी टिळकांच्या मनात जो आदर होता तो त्या वेळी स्मशानात एकाएकी जन्मला असेल, हे शक्य नाही. तो आधीपासून असणार. मात्र ज्याच्याविषयी तो होता, त्याला ऐकू जाईल अशा वेळी तो उघडपणे बोलला गेला नाही.

टिळक आणि आगरकरांची गोष्ट याहून जवळची, म्हणून अधिक दुखरी. डेक्कन कॉलेजात शिकत असताना दोघांनी मिळून देशकार्याचे बेत केले. १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे आगरकर पहिले संपादक. कोल्हापूरच्या बदनामी प्रकरणात १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि तिथेही त्यांची चर्चा थांबली नाही, हे आगरकरांच्या तुरुंगातल्या एकशे एक दिवसांवरच्या पुस्तकात वाचायला मिळतं. आधी समाज सुधारायचा की आधी स्वातंत्र्य मिळवायचं, या प्रश्नावर ते फुटले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, वयाची चाळिशीही न गाठता. त्यांच्यावरचा लेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरत नव्हते, असं सांगतात. मतभेद खरे होते, आणि त्यांतून महाराष्ट्राला मिळालेली वैचारिक शिदोरी मोठी आहे. ते मतभेद नसते तर बरं झालं असतं, असं म्हणण्याचा इथे मुळीच हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याचं आपण देणं लागतो त्याला ते सांगण्यासाठी माणसं त्याच्या मरणाची वाट का पाहतात? आणि कृतज्ञता ही मुळात काय वस्तू आहे, की जी उशिरा दिली तरी चालेल असं आपल्याला वाटावं?

माझ्या मते याचं एक उत्तर आपल्या धार्मिक विचारात दडलेलं आहे. कृतज्ञतेकडे आपण ऋण म्हणून पाहत आलो. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, हा विचार तैत्तिरीय संहितेइतका जुना आहे. यज्ञाने देवांचं, अध्ययनाने ऋषींचं आणि संततीने पितरांचं ऋण फिटतं. ही कल्पना फार उदात्त आहे, यात शंका नाही. आपण स्वयंभू नाही, आपल्या आधी कुणीतरी झिजलं आहे, ही जाणीव ती रोज जागी ठेवते. पण तिच्यात एक अडचण आहे. हे तिन्ही धनको असे आहेत की ज्यांच्याशी समोरासमोर बसून बोलता येत नाही. त्यामुळे ऋण फेडण्याची रीत विधीची झाली, आणि विधीला समोरच्याच्या उत्तराची गरज नसते. भाद्रपदातल्या पक्षपंधरवड्यात पुण्यातल्या असंख्य घरांत वडील माणसांच्या आवडीचे पदार्थ आठवणीने केले जातात. त्यातली माया खोटी नसते. तरी ज्या घरात वडिलांच्या आवडीची खीर त्यांच्या माघारी दरवर्षी होते, त्या घरात वडील हयात असताना त्यांच्याशी महिनोन्महिने कामापुरतंच बोलणं होत होतं, असंही असू शकतं. विधी पार पडला की ऋण फिटल्याचं समाधान मिळतं आणि त्या समाधानात न झालेलं बोलणं झाकलं जातं.

त्याच परंपरेत एक चौथं ऋणही सांगितलेलं आहे, आणि त्याच्याकडे आपलं दुर्लक्ष झालं. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचं ऋण येतं. ते कशाने फिटतं? माणसांना आसरा देऊन, जेवू घालून. इथे धनको जिवंत आहे, भुकेला आहे, दाराशी उभा आहे. तो घरात येतो, जेवतो, बोलतो. त्याला पदार्थ आवडत नसेल तर तेही सांगू शकतो. चारही ऋणांत हे एकच असं आहे की ज्यात समोरून आवाज येतो. तीन ऋणांची उजळणी आपण पिढ्यान्‌पिढ्या केली आणि चौथं बहुधा ग्रंथातच राहिलं. कृतज्ञतेचा विचार या चौथ्या ऋणापासून सुरू झाला असता तर तो संवादाचा विचार झाला असता, असं मला वाटतं. गौतम बुद्धाच्या उपदेशातही याला पुष्टी मिळते. धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षं फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते आणि त्या साहित्याचं दार त्यांनी मराठी माणसाला उघडून दिलं. त्यातल्या अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ अशी दोन माणसं सांगितली आहेत. एक, आपण होऊन आधी दुसऱ्याचं भलं करणारा. दुसरा, आपलं भलं झालेलं ओळखणारा आणि ते प्रकट करणारा. नुसतं मनात ओळखून गप्प बसणारा या दुर्मीळांत धरलेला नाही. त्याच ग्रंथात आईवडिलांविषयी म्हटलं आहे की त्यांना शंभर वर्षं खांद्यावर वागवलं तरी त्यांची परतफेड होत नाही. परतफेडच होत नसेल तर हिशेब मिटवण्याची घाईही उरत नाही. मग उरतं ते नातं चालू ठेवणं, आणि त्यात बोलणं आलंच.

यावर आपल्याकडे पहिला आक्षेप घरातूनच येतो: आपल्या माणसांचे आभार कसले मानायचे? आभार परक्यांचे मानायचे असतात, घरात तसं बोललं की दुरावा येतो. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. आईने ताट वाढल्यावर दर वेळी औपचारिक शब्द उच्चारणारा मुलगा तिला परकाच वाटेल. कार्यक्रमाच्या शेवटी वाचली जाणारी आभारांची यादी सभागृह रिकामं करते, जवळीक निर्माण करत नाही. पण यातून फार तर एवढं सिद्ध होतं की ठरीव शब्द निरुपयोगी आहेत. घरात कृतज्ञता बोलली जाऊ नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. बाबा, तुम्ही तेव्हा कर्ज काढून मला शिकवलंत, त्या वर्षी घरात काय काय काटकसर केलीत ते मला आत्ता कळतंय, हे वाक्य आभारप्रदर्शन नाही. त्यात एक विशिष्ट कृती आहे, तिची किंमत कळल्याची कबुली आहे, आणि वडिलांना पुढे बोलायला जागा आहे. ते म्हणू शकतात की काटकसर तुझ्या आईने केली, मी नाही. कदाचित असंही म्हणतील की त्या कर्जापायी मी तुझ्यावर चिडचिड करायचो, ते मला अजून बोचतं. अशी दुरुस्ती झाली की मुलाला आपलाच भूतकाळ नव्याने कळतो. मनात जपलेल्या कृतज्ञतेत ही सोय नसते. तिथे आपणच आपल्या समजुतीने उपकारकर्ता ठरवतो आणि बहुधा आई त्यातून निसटते.

न बोलण्यामागे संकोचही असतो, आणि त्याची तपासणी झालेली आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आपल्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या व्यक्तीला कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं आणि त्या व्यक्तीला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. पत्र वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, हा लिहिणाऱ्यांचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त निघाला आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज वास्तवापेक्षा कमी निघाला. म्हणजे ज्या अवघडलेपणाच्या भीतीने आपण गप्प राहतो, तो बराचसा आपल्याच मनात असतो. याच विषयावरच्या दुसऱ्या एका अभ्यासाची बाजू मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांनी कृतज्ञतेचं पत्र लिहून ते समक्ष जाऊन दिलं. त्यांच्या आनंदात झालेली वाढ लक्षणीय होती. ती महिनाभर टिकली आणि तीन महिन्यांनी मावळलेली होती. कृतज्ञतेची महती सांगणारे ही मावळण्याची गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती सांगायला हवी. एकदाच भेटून सगळं बोलून टाकलं, तर तीही एका परीने ऋण फेडून मोकळं होण्याचीच रीत ठरते.

दुसरा आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो. निष्काम कर्म हा आपला आदर्श. करणाऱ्याने फळाची अपेक्षा ठेवू नये, मग त्याला कौतुकाची गरज काय, आणि ते केल्याने आपण त्याच्या निष्कामतेला डाग नाही का लावत? इथे दोन माणसांचे दोन धर्म एकमेकांत मिसळले गेले आहेत. फळाची आशा न धरणं ही देणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे. घेणाऱ्याला ती सवलत म्हणून वापरता येत नाही. आपल्या घरांत तर हा घोळ ठरावीक माणसांच्या माथी मारला गेला आहे. निष्काम राहण्याची अपेक्षा आईकडून, सुनेकडून, घरकामाला येणाऱ्या मावशींकडून केली जाते आणि कौतुकाचे कार्यक्रम इतरांचे होतात. त्यांच्या न बोलण्याला आपण त्याग म्हणतो, पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो ज्यांनी घेतला त्यांच्यापुढे कृतज्ञतेच्या पुरस्कर्त्याने थांबलंच पाहिजे. उपकाराची जाणीव हे माणसाला दाबून ठेवण्याचं फार जुनं साधन आहे. मालकाने दिलेल्या भाकरीची आठवण ठेव, असं ज्याला सांगितलं गेलं, त्याने मजुरी मागितली की तो कृतघ्न ठरला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयरिश नेते डॅनिएल ओकॉनेल यांचा दाखला देऊन बजावलं की कृतज्ञतेलाही मर्यादा असते. माणसाने स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहू नये आणि राष्ट्राने स्वातंत्र्य गहाण टाकून. थोर माणसांविषयीची कृतज्ञता भक्तीत बदलली की लोकशाही धोक्यात येते, हा त्यांचा इशारा होता. तो आजही तितकाच खरा आहे. नुसत्या नमस्काराने काय साधतं आणि काय साधत नाही, याचं एक उदाहरण वारीतलं आहे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहान-थोर न पाहता. आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत हे दृश्य दिसतं. एकाने वाकावं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी वाकावं, यात उपकारकर्ता आणि उपकृत असा भेदच उरत नाही. कृतज्ञतेचं इतकं समतोल रूप मला दुसरीकडे आढळलेलं नाही. पण डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात एक सल नोंदवून ठेवली आहे: एकाच दिंडीत बरोबर चालणारी, बरोबर गाणारी ब्राह्मण आणि मराठा माणसं जेवायला मात्र वेगळी बसत. शतपथ ब्राह्मणातलं चौथं ऋण नेमकं तिथे अडलं होतं.

म्हणून या आक्षेपाचं उत्तर देताना कृतज्ञतेची बाजू घेऊन भागत नाही, तिला एक अट घालावी लागते. ज्याने कृतज्ञ राहायचं त्याला तक्रार करण्याची मोकळीक असली पाहिजे. उपकार करणाऱ्याला, तुझं काय चुकलं ते सांग, असं म्हणण्याआधी, माझं काय चुकलं ते सांग, असं म्हणता यायला हवं. ही मोकळीक नसेल तर कृतज्ञता ही खंडणी आहे. असेल तर मात्र तिचा सूर बदलतो, कारण नाही म्हणू शकणाऱ्याच्याच होकाराला अर्थ असतो. सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात याचं फार सुंदर रूप दिसतं. आजारपणात माहेरी राहिलेल्या सावित्रीबाई भावाशी झालेला वाद सविस्तर सांगतात. तुम्ही नवरा-बायको महारा-मांगांसाठी काम करता हे पाप आहे, असं म्हणणाऱ्या भावाला त्यांनी दिलेलं उत्तर त्यात आहे. आणि त्याच पत्रात पुण्यातल्या शाळेचा भार एकटीने पेलणाऱ्या फातिमाची आठवण आहे: तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. वाद आणि कृतज्ञता एकाच पत्रात नांदत आहेत. फातिमाच्या न कुरकुरण्याचा फायदा घेऊन तिला विसरून जाणं सोपं होतं. सावित्रीबाईंनी तिचा त्रास ओळखला आणि तो शब्दांत मांडला.

याच शहरात येरवड्याला या अटीची गेली जवळजवळ चार दशकं परीक्षा चालली आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनाने जी नाती मोडलेली असतात त्यांना उपदेश, शपथा आणि रडारड यांचा अनुभव भरपूर असतो. व्यसनी माणूस बायकोच्या पायांवर डोकं ठेवून तिचे उपकार मानतो आणि आठवड्याने पुन्हा पितो, हे त्या घरांना नवं नसतं. मुक्तांगणने बोलण्याची वेगळी शिस्त लावली. गटात बसून प्रत्येकाने आपलं सांगायचं, इतरांनी ऐकायचं. पूर्वी व्यसनी असलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून समोर बसलेली असतात, त्यामुळे ऐकणारा वरच्या पायरीवर नसतो. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींच्या बोलण्यातून सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं हेच मर्म आहे. त्या परंपरेतही आपण कुणाकुणाचं नुकसान केलं याची यादी आधी करायची असते. आणि मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' नावाचा स्वतंत्र गट आहे. तिथे नवरा सुधारला म्हणून तिने लगेच क्षमा करावी, आभार मानावेत, अशी सक्ती नाही. आधी तिला तिचं म्हणणं पुरतं मांडता येतं. या मांडणीनंतर जी कृतज्ञता उरते ती टिकाऊ असते, कारण तिने दुसऱ्याची तक्रार ऐकून घेतलेली असते. प्रत्येक माणूस त्यातून तरतोच असं नाही, पुन्हा व्यसनाकडे वळणारेही असतात. पण तेव्हाही परत येऊन बोलायला दार उघडं असतं, आणि सेलिग्मन यांच्या अभ्यासातल्या तीन महिन्यांच्या ओहोटीवर मला तरी यापेक्षा चांगला उपाय दिसत नाही.

एक प्रश्न तरीही राहतो, आणि तो ज्यांचं माणूस निघून गेलं आहे त्यांचा आहे. ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही, मग त्यांची कृतज्ञता वाया गेली का? रमाबाई रानड्यांकडे पाहिलं की तसं म्हणवत नाही. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचं एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे नमला, त्यातून झालेलं हे लग्न. रानड्यांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. १९०१ मध्ये ते गेले आणि १९१० साली रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झालं. पतीविषयीच्या अपार कृतज्ञतेने लिहिलेलं हे पुस्तक आहे, पण त्याला नुसता स्तुतिपाठ म्हणता येणार नाही. शिकण्यावरून घरातल्या बायकांनी केलेला विरोध, त्यांचे टोमणे, नवऱ्याची इच्छा आणि सासरच्या वडीलधाऱ्यांची मर्जी यांच्यात झालेली ओढाताण, हे सगळं त्यात आहे. काय मिळालं हे सांगताना त्यासाठी काय सोसावं लागलं तेही त्यांनी सांगितलं, म्हणून शंभर वर्षांनंतरच्या वाचकालाही त्यांच्या कृतज्ञतेवर विश्वास ठेवता येतो. आणि त्या केवळ आठवणींत राहिल्या नाहीत. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं होतं. तिथे विधवा, परित्यक्ता, घरात कोंडलेल्या मुली शिकायला येऊ लागल्या, पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं ते आता रमाबाई अशा मुलींना देत होत्या ज्या त्यांना प्रश्न विचारू शकत होत्या, हट्ट करू शकत होत्या आणि उलट उत्तरही देऊ शकत होत्या.